माझ्या नावावर घेतलेला दम

ताई,

तुझ्या तेरवीलाही लोकांनी आधी माझीच तब्येत विचारली.

आर्णीला भाऊजींच्या अंगणात मंडप टाकला होता. लोक यायचे, तुझ्या फोटोला हात जोडायचे आणि मग त्यांची नजर मला शोधायची. "कसा आहेस रे प्रशांत? गोळ्या सुरू आहेत न? जास्त दगदग नको करू बावा." मामी मला खुर्चीवरून उठू देत नव्हती. आई खाली सतरंजीवर बसलेली, स्वतःची एक किडनी मला देऊन बसलेली आई, आणि मी पंख्यासमोर खुर्चीवर. कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास आणून दिला. आईला कोणी पाणी विचारलं नव्हतं.

तुला नेलं त्या दिवशीही हेच झालं. तिरडीला हात लावायला मी पुढे झालो तर मोठ्या काकांनी मला छातीवर हात ठेवून थांबवलं. "तू नको धरू. तुले झेपणार नाई."

मी म्हणालो, "झेपते काका. माझं हार्ट आता एकदम चांगलं आहे. मागच्या महिन्यातच इको झाला."

हे तोंडातून निघून गेलं. तू समोर होतीस, बांधलेली, आणि तुझ्यासमोर मी माझ्या हृदयाचा रिपोर्ट सांगत होतो. मग मी मागे सरकलो. मोकळे हात घेऊन तुझ्या मागे चालत गेलो.

माझं हृदय हा आपल्या घरातला कायमचा विषय होता, ताई. तुलाही एक होतं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो, पाचवीत, तेव्हा माझ्या किडन्यांनी काम सोडलं. जन्मापासून लघवीच्या वाटेत अडथळा होता, तो वाढत वाढत तिथपर्यंत आला. आठवड्यातून दोनदा दारव्ह्याहून यवतमाळला डायलिसिसला जायचं ठरलं. न्यायचं कोणी? आईला जीपमध्ये बसल्या बसल्या उलट्या व्हायच्या. बाबांना तहसील कचेरीतून वेळच मिळत नव्हता. कापसानं घरंच्या घरं बसवली ती वर्षं. कचेरीतून बाबांना गावोगाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चौकशीला पाठवत. कोणाच्या दारात जाऊन, कोणत्या बाईला, काय विचारायचं हे काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. घरी आले की हातपाय धुऊन ते भिंतीकडे पाहत बसायचे. म्हणून मग तू. वीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला.

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी तुला बाजूला घेतलं. मी पलंगावरून ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "किडनीचं काम मशीन करेल. हृदयाचं काम करणारं मशीन माझ्याकडे नाही. डायलिसिसवरची मुलं पुष्कळदा किडनीनं नाही, हृदयानं जातात. अंगात साचलेलं पाणी आणि चढलेलं बीपी हृदयालाच ओढावं लागतं. पाणी, मीठ, बीपी. एवढं सांभाळलंत तर पुढचं मी पाहते."

तू नुसती मान हलवलीस. घरी आल्यावर स्वयंपाकघराचा ताबा तुझ्याकडे गेला. लोणच्याची बरणी शेजारी गेली, पापड गेले. बटाटे उकडून ते पाणी फेकायचं आणि पुन्हा उकडायचे. केळी बंद, शहाळं बंद. आणि संत्री! सगळ्या यवतमाळात संत्र्यांचे ढीग लागलेले असायचे आणि तू मला त्या गल्लीतून नेतसुद्धा नव्हतीस. बाबांनी एकदा कोणी दिलेली थैलीभर संत्री घरी आणली तर तू दारातूनच परत पाठवलीस. "ह्याच्या रक्तात ते पोटॅशियम वाढलं न बाबा, तं चालता चालता हार्ट बंद पडते. वास बी नको घरात."

मला वेगळं अळणी नको म्हणून तूही अळणीच खायला लागलीस. आई ओरडायची, "तू कायले मीठ सोडतं व?" तू म्हणायचीस, "सवय झाली."

तहान मात्र अळणी करता येत नव्हती. दिवसाचं पाणी तू सकाळीच एका लोट्यात काढून ठेवायचीस आणि तेवढंच फुलपात्रानं पुरवून पुरवून द्यायचीस. मी तुझा किती राग केला! तुला मी पाणीचोर म्हणायचो. मे महिन्यातल्या एका दुपारी तुझा डोळा लागला तेव्हा मी कूलरचं मागचं झाकण काढलं आणि टाकीतलं पाणी मगानं प्यायलो. गवताच्या ताट्यांचा वास मारणारं, कोमट. इतकं गोड पाणी मी नंतर कधीच प्यायलो नाही. संध्याकाळपर्यंत मला आडवं होता येईना. पडलो की छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. तू जीपवाल्याला पुढची सीट मोकळी करायला लावलीस, स्वतः बसलीस आणि मला तुझ्यापुढे घेतलंस. "माझ्या छातीले टेक. झोपू नको, नुसता टेकून बस."

दारव्हा ते यवतमाळ मी तुझ्या छातीला पाठ लावून बसलो होतो. तुझं काळीज इतकं धडधडत होतं की माझ्या पाठीला ठोके लागत होते. मधेच एखादा चुकायचा, मग दोन एकदम यायचे. मला वाटलं तू घाबरली आहेस. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या शेडा दिसल्या तेव्हा तू म्हणालीस, "आलंच पाह्य यवतमाळ," आणि तुलाही दम लागलेला होता.

हिवाळ्यात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर यायची आणि जीप अडकायची. तू खाली उतरून एकेका गाडीवाल्याला सांगत जायचीस, "दादा, पोरगं दवाखान्याचं आहे." थंडीत गाडीखाली झोपलेली माणसं उठायची, बैल जुंपून गाड्या बाजूला घ्यायची. त्यांच्या कापसाला कोणी विचारत नव्हतं, तरी त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. रांगेच्या टोकाला पोचलीस की तू कमरेवर हात ठेवून वाकायचीस. मी काचेतून पाहायचो. मला एवढंच वाटायचं की ताई लवकर परत यावी.

दर सहा महिन्यांनी इको असायचा. ती खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या मधल्या वळणावर तू थांबायचीस. "थांब रे गोलू, दम घे." सुजून माझं तोंड गोल व्हायचं म्हणून तू मला गोलू म्हणायचीस. मला दम लागलेला नसला तरी तू थांबायचीस. मी म्हणायचो, "मले नाई लागला." तू म्हणायचीस, "लागला आहे तुले, तुले समजत नाई." आणि कठड्याला टेकून उभी राहायचीस. आता कळतं, ताई. माझ्या नावावर तू दम घेत होतीस.

पहिल्या इकोत माझ्या हृदयाची डावी भिंत जाड झालेली निघाली. बीपीशी झगडून झगडून. मी घाबरलो तर तू बाहेर बाकावर बसवून मला समजावलंस. "तुझं हार्ट पैलवान झालं आहे. रोज कुस्ती करते न ते. आपल्याले त्याचा कारकून बनवायचा आहे. बाबासारखा. सकाळी जायचं, हळूहळू काम करायचं, कोणाशी भांडायचं नाई." पुढे प्रत्येक इकोनंतर तू दारातच विचारायचीस, "काय म्हणते, पैलवान का कारकून?" इकोवाले मामाही मग तसंच सांगायचे. "अजून लंगोट सोडला नाई ताई त्यानं!"

आणि ती दुपार. मी चौदा वर्षांचा झालो होतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, आता किडनी बदला, हृदय अजून सावरण्यासारखं आहे. रविवार होता. आई, बाबा, तू असे ओसरीवर बसला होतात आणि मी आत पडद्यामागे.

तू म्हणालीस, "माझी घ्या. माझा रक्तगट त्याचाच आहे."

बाबा म्हणाले, "तुझं लगन व्हायचं आहे. एका किडनीची पोरगी कोण करून घेईन?"

"नाई झालं लगन तं नाई. गोलू तं जगेन."

"आईची पाहू आधी."

"आईचं वय पाहा न बाबा. माझी तपासून तं घ्या. तपासलं म्हणजे काय काढली थोडीच?"

"तपासायचीबी गरज नाई," बाबांचा आवाज चढला. "तपासलं एवढं जरी गावात समजलं तं स्थळं मागं फिरतात. मी चार घरी जातो, मले माहीत आहे लोक काय बोलतात."

तू म्हणालीस, "म्हणजे तीन वर्षं दवाखान्यात मी चालली, अन् किडनीसाठी मी परकी."

मी पडद्यामागे होतो. मला तुझी पाहिजे का आईची, असं काहीच मनात नव्हतं. मला कोणाचीही चालणार होती. फक्त ती लवकर मिळावी आणि मग मी पोटभर पाणी प्यावं.

आईच्या तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी, इको. किडनी देणाऱ्याचं सगळं शरीर तपासून पाहतात, हृदयसुद्धा. आईचं सगळं चांगलं निघालं. किडनी जुळली. बाबांनी कचेरीत पेढे वाटले. सगळ्यांचं तोंड गोड झालं, ताई, कारण आता तुला तपासायची गरज उरली नव्हती.

नागपूरला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आईनं पहिल्यांदा माझ्यासमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि तू उठून बाहेर गेलीस. मला वाटलं तुला अजून राग आहे. आईनं नंतर सांगितलं, तू अंगणात तोंडाला ओढणी लावून रडत होतीस.

माझा पैलवान हळूहळू कारकून झाला. भिंत बरीच पातळ झाली, बीपीच्या गोळ्या एकावर आल्या. मी कॉलेजला गेलो, क्रिकेट खेळलो, इकोच्या जिन्यावरून धावत वर गेलो आणि खालून तू ओरडलीस, "हळू रे!" तुझं लग्न झालं. भाऊजींचं आर्णीला स्पेअर पार्टचं दुकान, चांगला माणूस. परी झाली. बाळंतपणात तुला फार दम लागला तर रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. सासरी तू सगळ्यांसारखं जेवायला लागलीस. लोणचं, पापड, सगळं. तुझ्या चेहऱ्यावर सूज यायला लागली तर सगळे म्हणाले, मानवलं तुला आर्णी.

ह्या दिवाळीत मी तुझ्याकडे आलो तेव्हा दुपारी तू भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होतीस. पाठीशी तीन उशा. परी मांडीवर. मी दारातच थांबलो. त्या तीन उशा मला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या छातीत पाणी भरायचं तेव्हा मी असाच झोपायचो, आणि उशा तू लावायचीस.

"किती दिवसांपासून अशी झोपतं ताई?"

"अरे, परी आडवं होऊ देत नाई मले."

"परीचं नको सांगू. उद्या यवतमाळले जाऊ."

"दिवाळीचं कोणी दवाखान्यात जाते का? रक्त कमी आहे माझं, बस."

भाऊजींना सांगितलं. ते बिचारे घाबरलेच. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी गाडी केली. जिन्याच्या वळणावर तू थांबलीस आणि सवयीनं म्हणालीस, "थांब गोलू, दम घे." मग आपण दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. तू हसलीस. मला हसता आलं नाही.

वर इकोवाले मामा तेच होते, केस पिकलेले. मला पाहून त्यांना केवढा आनंद झाला. "अरे, पैलवान! ये ये. चल, शर्ट काढ, झोप तिथं." ते जेल घेऊन माझ्याकडे आले. मी म्हणालो, "मामा, माझा नाई. ताईचा आहे." मामा थांबले. त्यांनी कागद वाचला, तुझं नाव वाचलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "ताईचा? ताई तं नेहमी बाहेर बसते." ते हे सहज बोलले. मी तिथं उभा राहू शकलो नाही. पहिल्यांदाच मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि तू आत होतीस.

डॉक्टर मॅडमनीच सांगितलं. हृदयाची एक झडप आखडली आहे, रक्त पुढे जाता जाता अडतं आणि फुप्फुसात साचतं. जुनं आहे. लहानपणी कधी सांधे सुजवणारा ताप आला होता का? तुला आठवेना. मी आईला फोन लावला. आईला आठवलं. तू नऊ वर्षांची असताना तुझे गुडघे सुजले होते, महिनाभर शाळा बुडाली होती. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला बांधला होता. "तुले घेऊन मी नागपूरच्या दवाखान्यात होती न तवा," आई म्हणाली. "तू महिन्याचा होता. लघवी होत नव्हती तुले."

म्हणजे तिथूनच, ताई. मी आल्याबरोबर.

तू भाऊजींसोबत खाली औषधं घ्यायला गेलीस तेव्हा मी मॅडमना विचारलं. "मॅडम, माझ्या ट्रान्सप्लांटच्या वेळी हिला तपासलं असतं तर?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "दिसलं असतं. तेव्हाच फुग्यानं झडप मोकळी करून घेतली असती तर..." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ही पोरगी माझ्यासमोर तीन वर्षं बसायची." तुझ्याकडे न पाहणारा मी एकटाच नव्हतो, हे समजून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एक मात्र त्यांनी सांगितलं, की माझ्यासोबत अळणी खाल्लं ती वर्षं तुझ्या हृदयालाही हलकी गेली असतील. हा विचार मनाला बरा वाटतो, म्हणूनच मी त्याला फार धरून राहत नाही.

परतताना गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. नागपूरला जायचं ठरलं होतं, येत्या मंगळवारी. तू एकदम माझ्याकडे वळलीस. "पाह्य गोलू. माझी किडनी घ्यायले तपासलं असतं, तं हे तवाच सापडलं असतं. म्हणजे माझंच बरोबर होतं का नाई?" तुझ्या डोळ्यांत भांडण जिंकल्याची तीच जुनी चमक होती. "बोल न. कोण जिंकलं?"

मी मनात म्हटलं, नागपूरहून आल्यावर बोलू. सगळं नीट झाल्यावर तुझ्यासमोर हात जोडून म्हणेन, तू जिंकली. तूही मग विषय सोडलास आणि भाऊजींना म्हणालीस, परीसाठी फुलबाज्या घ्यायच्या राहिल्या.

रविवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. परीची वेणी घालता घालता तू बाजूला कलंडलीस.

लोक सांगतात, तू मला दुसरा जन्म दिलास. हात जोडून ऐकून घेतो. पण रोज सकाळी बीपी मोजायला पट्टा बांधतो, तो आवळत जातो, सुटत जातो, आकडा चांगला येतो, आणि त्या चांगल्या आकड्याचीच मला लाज वाटते. तू असतीस तर टपली मारली असतीस, "लाज कायची रे? एवढ्यासाठीच तं चालली मी." हेही मला ठाऊक आहे. तरी वाटते.

आर्णीहून परत आल्यापासून बाबा जेवत नव्हते. ताटावर बसायचे, भात कालवायचे, उठायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं कमीच, आता तेही गेलं होतं. परवा संध्याकाळी आई देवळात गेली होती. मी त्यांना वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं नाही.

"प्रशांत, एक विचारू?"

"विचारा न बाबा."

"तवा तिले तपासू देलं असतं, तं दिसलं असतं का रे?"

ताई, हा माणूस त्या वर्षांत दारोदार जाऊन लोकांना विचारत होता की तुमच्या घरी हे कसं घडलं. आता तो त्याच आवाजात मला विचारत होता.

"नाई बाबा," मी म्हणालो. "तवा काहीच दिसलं नसतं. हे नंतर झालं."

"डॉक्टर म्हणे असं?"

"हाव. मी विचारलं मॅडमले."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागले. मी पोळी वाढली, ती त्यांनी घेतली. आणखी एक घेतली. मी समोर बसून होतो, ताई, आणि मला वर पाहवत नव्हतं.